डावं-उजवं करणाऱ्या सिस्टर

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी आमच्या क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला, 'शेलार सिस्टर काल अटॅकने गेल्या.' मेसेज त्यांच्या भाच्याचा होता, त्यांच्याच फोनवरून पाठवलेला. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, आता खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागेल. पण पहिलं उत्तर आलं क्लासमधल्या न्हावरे गावच्या मुलाचं. 'अटॅक म्हणजे नक्की काय? हार्ट की ब्रेन?' दुसरं माझं. 'आधी कधी त्रास झाला होता का? की पहिलाच?' तिसरीनं विचारलं, दवाखान्याच्या पेपरवर काय लिहिलंय. भाचा चिडला. 'माणूस गेलंय आणि तुम्ही कसल्या चौकशा करताय,' असं त्यानं लिहिलं, आणि त्याचं काही चुकलं नाही. त्याला कसं सांगणार, की आम्ही सगळे त्या वेळी ढसाढसा रडत होतो, आणि रडतानाही आधी नीट विचारायचं, हे आम्हाला त्याच्या मावशीनंच शिकवलं होतं.

शेलार सिस्टर शिरूरला मेडिकल कोडिंगचा क्लास घ्यायच्या. परदेशातल्या दवाखान्यांचे केसपेपर वाचायचे आणि त्यातल्या प्रत्येक दुखण्याला, इजेला, ऑपरेशनला ठरलेला नंबर द्यायचा, असं हे काम. मी केंदूरची. आमच्या घरी कांदा आणि शेवंती. माझ्या वडलांना हे काम काय ते कळेना. "अमेरिकेतल्या माणसाचं पोट दुखलं तर तुला काय करायचंय?" असं ते रोज विचारायचे. शेवटी सिस्टरनी त्यांना फोनवर समजावलं, "आप्पा, पोट त्याचंच दुखतंय. पन कुठल्या कुशीला दुखतंय ते तुमच्या पोरीनं नीट लिवलं न्हाई, तर त्याचं बिल अडकतंय." वडलांना ते पटलं. कागद नीट नसला की काय काय अडकतं, हे तलाठी कार्यालयात जाणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

क्लास मार्केट यार्डाजवळ, खतं-बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. फवारणीच्या औषधाचा वास जिन्यातच गाठायचा. सिस्टर आठवड्यातून दोनदा यवतहून यायच्या, चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे, एसटीनं. बाजाराच्या पिशवीत ते विटेसारखं जाडजूड कोडचं पुस्तक, त्याला युरियाच्या गोणीचं कव्हर, आणि पुस्तकाच्या अंगावर मेथीची जुडी. पुस्तकाच्या पानापानाला रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. आम्हाला त्या नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "केंदूर, उठ. न्हावरं, खिडकीतनं बाहीर बघू नगं." वर्षभर मी केंदूरच होते. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शंका होती.

पूर्वी त्या दौंडला एका खासगी दवाखान्यात खऱ्याखुऱ्या सिस्टर होत्या. पाठीचं दुखणं निघालं तसं त्यांना वॉर्डातून काढून रेकॉर्ड रूममध्ये बसवलं, आणि तिथं त्यांना कागदांचं वेड लागलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी फोनवर व्हिडिओ बघून त्या कोडिंग शिकल्या. परीक्षेला बसल्या, आपटल्या, परत बसल्या आणि पास झाल्या. आपटल्याचं त्यांनी कधी लपवलं नाही. पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं, "मी पैल्या खेपेला नापास. का? पेपरसंगं भांडत बसले. ह्यात असं का लिवलंय, त्यात तसं का न्हाई लिवलं. अर्धे प्रश्न तसेच ऱ्हायले. पेपर नवऱ्यासारखा असतोय. भांडून सुधरत न्हाई, उरकायचा असतोय." सरपंचांचा पुतण्या आमच्या वर्गात होता, तो हसून हसून बाकावरून घसरला.

त्यांचा खरा छंद म्हणजे डावं-उजवं. या कामात हात म्हटलं की डावा का उजवा हे लागतंच, त्याचे नंबर वेगळे. पण सिस्टरच्या ते रक्तातच उतरलं होतं. एकदा शिरूरच्या स्टँडवर आम्ही बाकावर बसलो होतो. शेजारचे एक आबा गुडघा चोळत म्हणाले, "लई दुखतुया बघा, बाई."

"कुठला? डावा का उजवा?"

"दोनी म्हना की."

"म्हना न्हाई आबा, हाय ते सांगा. कवापासनं? पडला व्हता का आपसूक धरला?"

आबांनी जरा विचार केला. "उजवा. दिवाळीत बैलानं ढुशी दिली, तवापासनं."

सिस्टर लगेच माझ्याकडे वळल्या. "केंदूर, बैलाच्या ढुशीचा बी नंबर हाय. काढ." मी भर स्टँडवर मेथीखालून पुस्तक काढलं आणि पानं उलटायला लागले. कंडक्टर जाता जाता म्हणाला, "काय, मुहूर्त बघताय व्हय?" आबांना मात्र बरं वाटलं असावं. इतकं बारकाईनं त्यांना घरातही कुणी विचारलं नव्हतं.

बाजारातली माणसं त्यांना 'डाव्या-उजव्या बाई' म्हणायची. आपल्याकडं म्हणतात, माणसामाणसांत डावं-उजवं करू नये. सिस्टर जन्मभर डावं-उजवं करत राहिल्या, पण ते फक्त हातापायांचं. वर्गात सरपंचांचा पुतण्या होता, तशी रांजणगावच्या कारखान्यात काम करणाऱ्या बिहारी मजुराची मुलगीही होती. तिला मराठी फारसं यायचं नाही. मग तिच्यासाठी सिस्टर सगळा धडा पुन्हा हिंदीत सांगायच्या, आणि ती हिंदी अशी, की तिला आमचं मराठीच सोपं वाटायचं. "बेटी, हाथ कौनसा? डावा हाथ की उजवा हाथ?" पुतण्यानं एकदा कुरकुर केली, की एका मुलीपायी वेळ जातो. सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या चुलत्याच्या गावात सभा असली की तो समद्यांना कळंपर्यंत बोलतो का न्हाई? मग गप बस."

आमच्यापैकी कुणी अंदाजानं नंबर टाकला की त्यांचा पारा चढायचा. मी एका सरावाच्या पेपरात, पायाला चावा, एवढंच वाचून कुत्र्याचा नंबर लिहून मोकळी झाले. "अंदाजपंचे दाहोदरसे!" त्या कडाडल्या. "कुत्रं हाय असं लिवलंय का कागदात? न्हाई. मंग ते तू कुठनं आनलं, केंदूरहून?" आणि मग पुस्तक मिटून त्यांनी दौंडची गोष्ट सांगितली.

दिवेलागणीच्या वेळेला एका म्हातारीला तिच्या सुनेनं दवाखान्यात आणलं. सून म्हणाली, जनावर चावलं. तिथला डॉक्टर नवीन, शहरातला. त्यानं कागदावर 'प्राणी चावला' असं लिहिलं आणि कुत्र्याच्या इंजेक्शनची तयारी करायला सांगितली. सिस्टर तो कागद रजिस्टरला चढवायला गेल्या आणि अडल्या. आपल्या भागात जनावर म्हणजे काय काय असतं! बैलही जनावर, उसातला बिबट्याही जनावर. आणि दिवे लागल्यावर ज्याचं नाव कुणी तोंडातून काढत नाही, तेही जनावरच. त्या म्हातारीच्या खाटेशी गेल्या. सरळ साप का म्हणून विचारलं असतं, तर म्हातारीनं कानावर हात ठेवले असते. म्हणून त्यांनी विचारलं, "आजी, चार पायाचं का बिनपायाचं?"

म्हातारी पुटपुटली, "बिनपायाचं, बाई."

"मी पळत सुटले," सिस्टर सांगायच्या. "पाठ दुखती हे बी इसरले. इंजेक्शन बदललं. म्हातारी वाचली. फुडं चार वर्सं मला हुरड्याची कनसं आनून देत व्हती. आता सांग केंदूर, एका शब्दाला किती पाय असत्यात?"  त्या दिवसानंतर मी आयुष्यात अंदाजानं नंबर टाकला नाही, आणि शक्यतो अंदाजानं माणसाबद्दलही काही बोलत नाही. दुसरं जरा अवघड जातं.

इजेच्या नंबरांत शेवटी एक अक्षर लावायचं असतं. इलाज पहिल्यांदा चालू असेल तर ए. बरं होताना पुन्हा दाखवायला आलं तर डी. आणि दुखणं जाऊन काही मागं राहिलं असेल, तर एस. आम्ही त्यात कायम घोळ घालायचो. सिस्टरनी एका वाक्यात तो सोडवला. "पडला, ए. भरून येतंय, डी. भरलं, पन वण ऱ्हायला, एस. दुखनं जातं गं, वण ऱ्हातो. त्या वणाचा बी नंबर असतो."

आता माझ्या परीक्षेचं सांगते, कारण त्याशिवाय सिस्टर पुऱ्या होत नाहीत. मी बीएस्सी होऊन रांजणगावला एका कंपनीत पॅकिंग लाइनवर होते. आठ तास उभ्यानं खोकी चिकटवायची. ते सोडून मी या क्लासला आले, ते घरच्यांशी भांडून. परीक्षेच्या फीमध्ये दोन संधी होत्या. पुण्याच्या एका कंपनीनं मला निवडलं होतं, पण महिनाअखेर सर्टिफिकेट दाखवा, अशा अटीवर. नाहीतर परत लाइनवर. परीक्षा ऑनलाइन, घरूनच द्यायची. खोलीत एकटं बसायचं, पलीकडचा माणूस कॅमेऱ्यातून बघत असतो. कुणी आत आलं किंवा दुसऱ्याचा आवाज आला, की परीक्षा बंद.

पहिल्या संधीची परीक्षा मी केंदूरला दिली. पोरगी अमेरिकेची परीक्षा देतेय ही बातमी आळीभर झालेली. सव्वा तास झाला असेल. दार उघडलं आणि माझे धाकटे चुलते हातात कपबशी घेऊन आत आले. "किती वाचशील गं? घे, चहा घे." कॅमेऱ्यातला माणूस काहीतरी बोलला आणि स्क्रीन बंद झाली. चुलत्यांनी ती कपबशी तशीच धरून ठेवली होती. त्यांना मी काय बोलणार? आमच्याकडं दार लोटलेलं असलं तर माणूस आजारी असावं असं समजतात आणि चहा घेऊन आत जातात.

सिस्टरना फोन केला तेव्हा मला हुंदका आवरत नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चुलत्याला बोललीस का काही?"

"नाही."

"ते बरं केलंस. दुसरी खेप माझ्याकडं, यवतला. मी दारात बसते. बघू कोन चहा आनतंय."

त्यांचं घर हायवेपासून आत, एका ढाब्याच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या आणि पुढं अंगण. मी पोचले तोवर त्यांनी, कॅमेऱ्यात काही खटकायला नको म्हणून, आतल्या खोलीतलं कॅलेंडर काढलं होतं, आरशावर लुगडं टाकलं होतं, घूं घूं करतो म्हणून फ्रीजही बंद केला होता. आदल्या दिवशी गल्लीत घरोघर जाऊन त्यांनी सांगितलं होतं, "उंद्या अकरा ते तीन कुनी मेलं तरी रडायचं न्हाई. तीननंतर काय ते रडा." मला दहीभात खायला घातला, परीक्षेत चालतं ते कोडचं पुस्तक टेबलावर ठेवलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसल्या.

पेपर बरा होता. मी कुणाशी भांडत बसले नाही. मध्ये कधीतरी छपराच्या पत्र्यावर पाणी पडायला लागलं, ताशा वाजावा तसं.  आता हा आवाज पलीकडं ऐकू जाणार. मग बाहेर काहीतरी धप्पदिशी पडलं, आणि पाणी थांबलं. मी कान देऊन बसले. कुणी ओरडलं नाही, कुणी बोललं नाही. बादली पडली असेल, असं म्हणून मी पुढचा प्रश्न वाचला. आयुष्यभर अंदाज करू नको म्हणून सांगणाऱ्या बाईच्या घरात मी तेवढा एक अंदाज केला.

तीन वाजता दार उघडलं. सिस्टर त्याच खुर्चीवर होत्या. चेहरा पांढरा पडलेला, आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला हात. शेजारच्या कलाबाई पायाशी बसून पदरानं डोळे पुसत होत्या.

"कसा गेला?" सिस्टरनी विचारलं.

"सिस्टर, हाताला काय झालं?"

"असं इचारायचं असतंय व्हय?"

मला रडू फुटलं. कलाबाईंकडून कळलं ते असं. नळाला पाणी आलं, वरची टाकी भरून पत्र्यावर वाहायला लागली, तशी सिस्टर कॉक बंद करायला स्टुलावर चढल्या. कॉक बंद केला आणि स्टुलासकट अंगणात आल्या. कलाबाई ओरडणार, तेवढ्यात पडल्या जागेवरूनच सिस्टरनी तोंडावर बोट ठेवलं. त्यानंतर दीड तास त्या खुर्चीवर बसून होत्या. कलाबाईंनी दवाखान्यात चला म्हणून किती खुणा केल्या, पण त्या नुसती मान हलवायच्या आणि दाराकडं बोट दाखवायच्या.

"नीट इचार," सिस्टर म्हणाल्या. "तवर मी उठत न्हाई."

मी डोळे पुसले. "कोणता हात?"

"डावा."

"कुठून पडलात?"

"स्टुलावरनं."

"कुठं?"

"घरात न्हाई. आंगनात."

"आधी कुठं दाखवलंय?"

"न्हाई. आत्ता दाखवायला निघालोय. मंग शेवटचं अक्षर?"

"ए."

"पास," त्या म्हणाल्या. "आता रिक्षा बघ."

खरा निकाल आठवड्यानं आला आणि तोही तोच होता. पण मला विचाराल तर मी त्या अंगणातच पास झाले. दवाखान्यात कंपाउंडरनं चिठ्ठीवर 'हात फ्रॅक्चर' लिहिलं, तर प्लास्टर घालायच्या आधी त्यांनी त्याच्याकडून 'डावा' लिहून घेतलं. ते झाल्यावरच एकदा "आई गं" म्हणाल्या. दिवसभरात तेवढंच. मी घरी न्यायला लागले तर म्हणाल्या, "जा तू, वैशाली. शेवटची एसटी चुकंल." माझं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

पुण्याला नोकरी लागली. खोकी चिकटवायचं सुटलं. मी घरी पहिल्यांदा वडलांच्या हातात चांगला पगार ठेवू शकले, ते या बाईमुळं. आमच्या वर्गातले आम्ही सहाजण आज या कामात आहोत, त्यात रांजणगावची ती मुलगीही आहे. माझ्या बापानं मला जन्म दिला आणि शेलार सिस्टरनी माझं दार राखलं. यापेक्षा वेगळं मला सांगता येत नाही.

भाच्यानं दोन दिवसांनी ग्रुपवर दवाखान्याचा पेपर टाकला. वर लिहिलं होतं, 'मावशीच्या वहीत तुम्हा सगळ्यांची गावं आहेत.' पेपर नीट लिहिलेला होता. कुठला अटॅक, कधीपासून त्रास, किती वाजता. सिस्टरना तो आवडला असता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शिरूरच्या स्टँडवर, त्या जायच्या दोन महिने आधी. मी पुण्याच्या गाडीत खिडकीशी बसले होते. न्हावऱ्याची गाडी शेजारी येऊन लागली आणि त्यातून सिस्टर उतरल्या. पिशवी आता उजव्या हातात, कारण डाव्यानं ओझं पेलवत नव्हतं. मला पाहून त्यांनी डावा हात वर केला. मनगट सरळ झालंच नव्हतं, पंजा जरा बाहेरच्या बाजूला वळलेला. माझ्या परीक्षेत वाकडा झालेला हात तो.

"शेवटचं अक्षर?" त्या खालून ओरडल्या.

"एस!" मी ओरडले. सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली.

त्या हसल्या, मान डोलावली आणि वळल्या. गाडी सुटली. बाकावर कुणी एक म्हातारे गृहस्थ पाय धरून बसले होते, सिस्टर त्यांच्यासमोर थांबल्या. पिशवी खाली ठेवली. काय बोलल्या ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. तो वाकडा हात तेवढा दिसला. आधी त्यांच्या एका गुडघ्याकडं गेला, मग दुसऱ्या.